बारा वर्षं उभी राहिलेली सुझुकी आरई५ : इंजिन खोलायचं की थांबायचं?

परिस्थिती अशी आहे. १९७५ सालची सुझुकी आरई५ ही रोटरी इंजिनाची मोटरसायकल, पहिलं 'एम' मॉडेल. हँडलवर तो गोल नळकांड्यासारखा मीटरचा डबा, मागे तसाच गोल दिवा. इटलीच्या जॉर्जेटो जुजारोने आखलेलं रूप. गाडी बारा वर्षांपूर्वी चालू हालतीत शेडमध्ये लावली आणि तिथंच राहिली. बॅटरी मेलेली, टाकीतल्या पेट्रोलला वार्निशसारखा वास, रेडिएटरमध्ये तपकिरी पाणी. किक फिरते, पण पायाला काहीच विरोध लागत नाही. विकणारा म्हणतो, "इंजिन गेलंय, त्या हिशोबाने द्या." हे कुण्या एका गाडीचं वर्णन नाही. आरई५ वर्षानुवर्षं उभी राहिली की थोड्याफार फरकाने असंच चित्र दिसतं, म्हणून ते नमुन्यादाखल घेतलं आहे.

आमचं मत आधीच सांगतो. या टप्प्यावर इंजिन गेलंय असं कुणालाही म्हणता येत नाही. जो लगेच पाने काढून इंजिन उघडायला बसतो, तो सर्वांत महागडा निर्णय सर्वांत कमी माहितीवर घेतो. आरई५मध्ये दुर्मीळ आणि महाग ते सगळं इंजिनच्या आत असतं, आणि ती सुरू न होण्याची बहुतेक कारणं मात्र बाहेर असतात. उलट, उत्साहाच्या भरात कोरड्या इंजिनला स्टार्टर मारत राहिलं, तर चांगलं इंजिनही आतून ओरबाडलं जातं.

हे इंजिन वेगळं का वागतं

आरई५ला पिस्टन नाही, वॉल्व्हही नाहीत. आठाच्या आकड्यासारख्या फुगीर पोकळीत तीन कोपऱ्यांचा एक रोटर फिरतो आणि एक्सेंट्रिक शाफ्टला, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याला, फिरवतो. शाफ्टचे तीन फेरे होतात तेव्हा रोटरचा एक होतो. रोटरला तीन बाजू असल्यामुळे शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट मिळतो. क्षमता ४९७ सीसी, ताकद ६५०० आरपीएमला ६२ अश्वशक्ती.

कॉम्प्रेशन टिकतं ते फक्त सीलवर. रोटरच्या प्रत्येक टोकावर एक लांब पट्टी असते, तिला एपेक्स सील म्हणतात. बाजूंना वाकलेल्या बारीक साइड सील असतात आणि दोन्ही जिथे मिळतात तिथे कोपऱ्याच्या छोट्या गुंड्या. यातली प्रत्येक सील आपल्या खाचेत मोकळी हलली पाहिजे. मागची स्प्रिंग तिला भिंतीवर टेकवते आणि पेटलेल्या वायूचा दाब तिला आणखी घट्ट बसवतो. गाडी उभी राहिली की जळलेल्या तेलाचा कार्बन खाचेत घट्ट होतो, सील आत बसल्या त्या बसल्याच राहतात, आणि भिंतीवरचा तेलाचा थर निथळून जातो. पायाला विरोध न लागण्याचं सर्वांत नेहमीचं कारण हेच आहे. सील झिजलेल्या नसतात, चिकटलेल्या असतात.

रोटरी मोटरसायकल कुठलीही असो, हात लावण्याआधी एक प्रश्न विचारावा: हिचा रोटर थंड कोण करतं? हर्क्युलिस डब्ल्यू२०००मध्ये आत येणारं पेट्रोल-हवेचं मिश्रणच रोटरमधून जातं. नॉर्टनच्या ५८८ सीसी जुळ्या रोटरच्या इंजिनात आधी हवा रोटरमधून ओढली जाते आणि मग ती कार्ब्युरेटरकडे जाते. आरई५मध्ये हे काम इंजिन ऑइल करतं. म्हणून तिच्यात तीन वेगवेगळी तेलं आहेत: संपमधलं (इंजिनच्या तळातल्या साठ्यातलं), जे रोटर आणि बेअरिंगमधून फिरून पुढच्या ऑइल कूलरमध्ये जातं, वेगळ्या टाकीतलं, जे एका छोट्या पंपाने सीलसाठी सोडलं जातं आणि जळून जातं, आणि गिअरबॉक्सचं. नॉर्टनचा अनुभव असलेला मेकॅनिक इथे चुकतो तो बहुधा याच ठिकाणी. तो एक टाकी भरतो आणि दुसरी विसरतो.

पहिले दोन दिवस

किक मारू नका, बॅटरी जोडू नका. आधी प्लग काढायचा. मूळ प्लग एनजीके ए९ईएफव्ही हा आहे, १८ मिलिमीटर आट्यांचा. हल्लीच्या १४ मिलिमीटर प्लगच्या सवयीने गोटी पाना आणला तर बसणार नाही. आटे ॲल्युमिनियममध्ये आहेत आणि पन्नास वर्षांत किती वेळा प्लग निघाला कुणास ठाऊक, म्हणून मुळाशी आत शिरणारं तेल सोडून रात्रभर थांबावं. मग थोडं सैल, थोडं परत घट्ट, असं करत काढावा. एकाच दमात लांब दांडा लावून ओढला तर आटे प्लगसोबत बाहेर येतात.

गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी, पाचवा गिअर टाकावा आणि मागचं चाक हाताने पुढच्याच दिशेला फिरवावं. असं केल्याने इंजिन सरळ दिशेने आणि अगदी सावकाश फिरतं. प्लगच्या भोकातून सिरिंजला नळी लावून ५ मिलिलिटर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) किंवा पातळ इंजिन ऑइल सोडावं, आणि भोकातून हवेचा फुस्कारा एकदा येईपर्यंत चाक फिरवावं. एक फुस्कारा म्हणजे रोटरची एक बाजू पुढे गेली. पुन्हा ५ मिलिलिटर, पुन्हा एक फुस्कारा, आणि तिसऱ्यांदा तसंच. एकूण १५ मिलिलिटर पुरे. जास्त ओतल्याने काम लवकर होत नाही, फक्त सायलेन्सर भरतो. दोन दिवस तसंच राहू द्यावं, सकाळ-संध्याकाळ चाकाने चार-सहा फुस्कारे फिरवावं. मध्येच अडल्यासारखं वाटलं तर जोर लावू नये. चाक तिथंच ठेवावं, थोडं तेल सोडावं, थांबावं.

या दोन दिवसांत बाकीचं बघता येतं. एक्झॉस्टच्या पाइपांना पुढच्या बाजूला जाळी लावलेली तोंडं आहेत. पाइप दुहेरी भिंतीचे आहेत आणि वाऱ्याने आतली पोकळी थंड राहावी अशी रचना आहे. रोटरीचा एक्झॉस्ट पिस्टनच्या गाडीपेक्षा कितीतरी तापतो, अंदाजे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत. शेडमध्ये उभ्या गाडीच्या या तोंडांत उंदरांची घरटी आणि पालापाचोळा सापडतो. तसंच सुरू केलं तर आधी धूर आणि मग आग. टॉर्च लावून आतपर्यंत बघावं. आतली भिंत गंजून गेली असेल तर तो खर्च आत्ताच किमतीत धरावा.

तीन आकडे, एक नाही

आता कॉम्प्रेशन. साधा गेज लावून स्टार्टर मारला की तो एकच आकडा दाखवतो आणि तिथंच फसगत होते. गेजच्या नळीतला एकेरी वॉल्व्ह दाब अडवून धरतो, म्हणून काटा तीन बाजूंपैकी सर्वांत चांगल्या बाजूचा आकडा दाखवून थांबतो. दोन बाजू मेलेल्या असल्या तरी आकडा बरा दिसतो. नळीच्या टोकाचा छोटा वॉल्व्ह काढून टाकावा, म्हणजे काटा प्रत्येक बाजूला वेगळा उडी घेईल. मोबाइलवर मंद गतीचा व्हिडिओ काढून तीन उड्या वाचाव्यात. रोटरीसाठी बनवलेला टेस्टर मिळाला तर उत्तमच, तो तिन्ही आकडे आणि फिरण्याचा वेग दोन्ही देतो. वॉल्व्ह काढल्यावर आकडे कमी दिसतात. त्यांची तुलना पुस्तकातल्या आकड्यांशी करू नये, एकमेकांशी करावी.

हे मापन करताना बॅटरी पूर्ण भरलेली, थ्रॉटल पूर्ण उघडं, इग्निशन बंद. इंजिन हळू फिरलं तर सगळेच आकडे पडतात. स्टार्टर मारताना बॅटरीचा व्होल्टेज १० च्या खाली जात असेल, तर आधी बॅटरी आणि अर्थिंग नीट करावं, नाहीतर दोष इंजिनच्या माथी जातो.

आकड्यांचा अर्थ असा लावायचा. एपेक्स सील दोन शेजारच्या खोल्यांच्या (रोटरच्या बाजूंजवळच्या पोकळ्यांच्या) मध्ये असते, म्हणून ती तुटली किंवा अडकली की दोन बाजू कमकुवत दिसतात आणि तिसरी ठीक. एकच बाजू पडलेली असेल तर संशय त्या बाजूच्या साइड सीलवर किंवा कोपऱ्याच्या गुंडीवर. तिन्ही सारख्याच कमी असतील, तर भिंत कोरडी आहे, सगळ्या सील चिकटल्या आहेत, किंवा भिंतच झिजली आहे. पहिल्या दोन गोष्टी तेलाने आणि उष्णतेने सुटतात, तिसरी नाही. म्हणून तिन्ही कमी पण सारखे दिसले तर निराश होऊ नये, ती त्यातल्या त्यात आशेची स्थिती आहे. तेल सोडून, एक दिवस थांबून पुन्हा मोजावं. आकडे चढत असतील तर सील सुटत आहेत.

भिंत बघायची असेल तर एक्झॉस्टचा पाइप उतरवून पोर्टमधून, म्हणजे धूर बाहेर पडण्याच्या तोंडातून, बघता येते. चाक हळू फिरवून एपेक्स सील पोर्टसमोर आणावी आणि बांबूच्या काडीने हलकेच दाबावी. आत जाऊन परत बाहेर आली तर मोकळी. आत गेलीच नाही तर चिकटली. आत जाऊन तिथंच राहिली तर स्प्रिंग गेली किंवा कार्बनने धरली. लोखंडी सळी वापरू नये. पोर्टच्या कडेला भिंतीचं अस्तर पापुद्र्यासारखं सुटलेलं दिसलं तर मात्र इंजिन खोलावंच लागेल, आणि ते ज्यांच्याकडे आरई५ची खास अवजारं आहेत त्यांच्याकडेच.

पाणी

या प्रकरणात खरं भय पाण्याचं आहे, सीलचं नाही. रोटर हाउसिंग आणि बाजूच्या भिंती यांच्यामध्ये रबरी रिंगा असतात, त्या पाण्याला आतल्या खोलीत येण्यापासून अडवतात. जुनं कूलंट आम्ल होतं, ॲल्युमिनियम खातं, रबर कडक होतं. पाणी थेंबाथेंबाने आत आलं तर उभ्या गाडीत भिंतीच्या अस्तराखाली गंज आणि पापुद्रे सुरू होतात, आणि बाहेरून काहीच कळत नाही.

तपासणी सोपी आहे. जुनं पाणी काढून साध्या पाण्याने दोनदा धुवावं, मग रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून कॅपवर छापलेल्या दाबाइतका दाब द्यावा, त्याहून जास्त अजिबात नाही. प्लग काढलेला ठेवावा. अर्धा तास दाब टिकला आणि दुसऱ्या दिवशी चाक फिरवल्यावर प्लगच्या भोकातून ओल आली नाही, तर रिंगा अजून धरून आहेत. दाब उतरतो आहे आणि बाहेर कुठेच थेंब नाही, तर पाणी आत जातंय. इथे "स्टॉप लीक"ची बाटली ओतण्याचा मोह होतो. ओतू नये. ती गळती बुजवत नाही, रेडिएटर आणि थर्मोस्टॅट बुजवते. अशी गाडी सुरू न करता इंजिन खोलण्याच्या यादीत टाकावी.

रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो. त्याच्या तापमानाच्या स्विचची दोन टोकं वायरने जोडून तो फिरतो का, हे इंजिन सुरू करण्याआधीच बघावं.

ठिणगी आणि पेट्रोल

इग्निशन सीडीआय, म्हणजे कपॅसिटरमधून ठिणगी देणारी, आहे, पण तिला ठिणगीची वेळ ठरवणारे दोन पॉइंट आहेत, आणि त्याचं कारण समजून घेतलं तर तास वाचतात. एक पॉइंट नेहमीसाठी, शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला ठिणगी. थ्रॉटल सोडून गाडी इंजिनवर उतरत असते तेव्हा रोटरीत मिश्रण नीट पेटत नाही आणि गाडी हिसके देते. म्हणून सुझुकीने दुसरा पॉइंट ठेवला, तो एकाआड एक ठिणगी देतो. कधी कुठला, हे इंजिनातली खेच (व्हॅक्यूम) ओळखणारा स्विच आणि वेग ओळखणारा रिले ठरवतात. ही बदली अडकली की इंजिन एकाआड एक पेटतं आणि माणूस कार्ब्युरेटर तिसऱ्यांदा उघडून बसतो. आधी दोन्ही पॉइंट साफ करून गॅप बघावा, मग स्विचची व्हॅक्यूमची नळी. ती बारा वर्षांत हमखास तडकलेली असते. सीडीआयचा झटका साध्या कॉइलपेक्षा जोरदार असतो, ठिणगी बघताना प्लग हातात धरू नये.

मूळ प्लग महाग आहे आणि शोधावा लागतो, म्हणून १४ मिलिमीटरचा साधा प्लग बसवणारे अडॅप्टर लोक वापरतात. चाचणीसाठी ते ठीक. पण प्लगचं टोक भिंतीतून आत पोकळीत डोकावता कामा नये, तिथून सील जाते. बसवल्यावर चाक हाताने दोन फेरे फिरवून खात्री करावी.

मिकुनी कार्ब्युरेटर दोन टप्प्यांचा आहे, १८ मिलिमीटरचा लहान गळा आणि ३२ मिलिमीटरचा मोठा. मुठीच्या एका वळणावर पाच केबलींचं जाळं चालतं: कार्ब्युरेटर, आत जाणाऱ्या पोर्टवरचा वॉल्व्ह आणि सीलच्या तेलाचा पंप. या केबलींचा क्रम बिघडला की गाडी अर्ध्या थ्रॉटलला छान आणि पुढे मेलेली वाटते, किंवा त्याहून वाईट म्हणजे चांगली पळते आणि तेलच मिळत नाही. आधी कार्ब्युरेटरची केबल, मग पोर्टचा वॉल्व्ह, शेवटी पंपाची खूण, याच क्रमाने जुळवावं. एक केबल बदलली तरी पंपाची खूण पुन्हा बघावी. कार्ब्युरेटर पूर्ण सुटा करून लहान गळ्याची बारीक छिद्रं साफ करावीत. सुरू होण्याची आणि हळू चालण्याची सगळी भिस्त त्यांच्यावर आहे. भारतात आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याला टिकतील अशाच नळ्या आणि रिंगा घालाव्यात. ऑक्टेनची चिंता नको, रोटरी त्याबाबत हट्टी नसते.

सीलच्या तेलाची टाकी रिकामी झाली असेल तर नळीत हवा अडकलेली असते. पंप काम करतोय हे डोळ्यांनी दिसेपर्यंत त्याच्यावर विसंबू नये. पहिल्या पाच लिटर पेट्रोलमध्ये लिटरमागे १० मिलिलिटर चांगलं टू-स्ट्रोक तेल मिसळावं, म्हणजे सील कोरड्या राहणार नाहीत. मग इंजिन चालू असताना पंपाची बाहेर जाणारी नळी सोडून तेल बुडबुड्यांशिवाय येतं का ते बघावं.

सुरू करताना

उघड्यावर, अग्निशामक हाताशी ठेवून. संपचं तेल आणि फिल्टर नवीन. प्लग काढूनच आधी स्टार्टर दहा-दहा सेकंद तीन-चारदा मारावा, साचलेलं तेल बाहेर येईल. भोकावर फडकं धरावं. मग प्लग लावून सुरू करावं. पहिली काही मिनिटं दाट निळा-पांढरा धूर येणार, ते आत सोडलेलं तेल आहे. पंधरा मिनिटांनंतरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसत असतील, तर लगेच बंद करावं, ते कूलंट आहे.

सुरू झाली म्हणून आनंदाने दहा सेकंदांत बंद करणं ही रोटरीतली ठरलेली चूक. थंड इंजिनात ओतलेलं जादा पेट्रोल भिंतीवरचं तेल धुऊन काढतं, कॉम्प्रेशन पडतं, आणि दुसऱ्यांदा ती सुरूच होत नाही. एकदा लागली की पंखा सुरू होईपर्यंत चालू ठेवावी. चुकून फ्लड झालीच, तर प्लग काढून कोरडा करावा, पेट्रोल बंद ठेवून इंजिन फिरवावं, प्रत्येक बाजूला पुन्हा दोन-तीन मिलिलिटर तेल सोडावं आणि मग प्रयत्न करावा.

किंमत आणि कागद

सुझुकीने रोटरी इंजिनासाठी एनएसयू या जर्मन कंपनीकडून १९७० साली परवाना घेतला, १९७४ मध्ये गाडी बाजारात आणली आणि १९७६ मध्ये बंद केली. मधल्या तेलसंकटाने पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांचे दिवस बदलले होते, आणि सुझुकीनेही जीएस७५०च्या चार सिलिंडरांकडे मोर्चा वळवला. एकूण सुमारे सहा हजार गाड्या बनल्या. म्हणून सुटे भाग गाडीपेक्षा दुर्मीळ आहेत. विकत घेताना मीटरच्या डब्याचं निळसर उघडझाप झाकण, एक्झॉस्टचे दोन्ही पाइप, कार्ब्युरेटर आणि सीडीआयचा डबा हे चार मूळ भाग जागेवर असतील, तर तीन कमकुवत पण सारख्या आकड्यांचं इंजिन आम्ही पत्करू. चांगल्या इंजिनाची पण हे भाग गमावलेली गाडी नाही.

महाराष्ट्रात अशी गाडी असेल, तर केंद्राच्या २०२१च्या विंटेज नियमांकडे लक्ष द्यावं. ५० वर्षांहून जुन्या दुचाकीही त्यात येतात. नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, आणि रोजच्या वापराला परवानगी नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. चेसिस किंवा इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. आधुनिक सीडीआय बसवला तरी मूळ डबा, मूळ पॉइंट आणि मूळ प्लग जपून ठेवावेत.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर इंजिन गरम असताना तीन आकडे पुन्हा मोजावेत. सील सुटल्या असतील तर ते एकमेकांच्या जवळ आलेले असतात. अजूनही दोन बाजू मागे असतील, तर आता इंजिन खोलायला हरकत नाही.